बिलातला न छापलेला रकाना

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, रक्तदाब पाहिला आणि ‘काही झालेले नाही, औषधाची गरज नाही’ असे सांगितले, तर आपण त्यांची फी निमूटपणे काढून देतो आणि हलक्या मनाने घरी येतो. मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने तासभर चाकाशी झटापट करून नेमके हेच वाक्य उच्चारले, तर मात्र आपल्या कपाळावर आठी उमटते. काही बदललेच नाही, मग पैसे कसले? जुना भाग काढून नवा बसवला की आपले समाधान होते. काढलेला भाग वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवून दिला, तर ते समाधान दुणावते. तो भाग खरोखर बिघडला होता का, हे विचारायचे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

आपण भागाचे पैसे देतो, बसवण्याच्या मजुरीचे देतो. पण बिघाड कुठे आहे हे शोधून काढण्याचे देत नाही. गॅरेजच्या बिलावर तसा रकानाच छापलेला नसतो. माझे म्हणणे असे, की हा रकाना नसणे आपल्याला महाग पडते आहे. आणि दुखणे ब्रेकचे असले, तर ते केवळ पैशाच्या अंगाने महाग पडते असे नाही.

हे लिहायला निमित्त झाले ते आमच्या गाडीच्या थरथरीचे. साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट चढून सुरूरच्या बाजूला उतरत होतो. ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थरथरायचे. पाय काढला की शांत. सौ.च्या हातातल्या थर्मासच्या झाकणातला चहा हिंदकळला, तेव्हा तिने माझ्या हातांकडे पाहिले आणि अगदी हळू आवाजात विचारले, ‘‘बी.पी.ची गोळी घेतली होती ना?’’ साठीनंतर माणसाचे हात थरथरू लागले की संशय आधी माणसावर जातो, गाडीवर नाही. परतताना मुलगा चालवत होता. त्याच्याही हातात स्टिअरिंग थरथरले, तेव्हा माझी निर्दोष सुटका झाली.

घरातल्या ज्या मंडळींचा बॉनेटखालच्या जगाशी संबंध येत नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या आत बिडाची एकेक तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते. आपण ब्रेक दाबतो तेव्हा दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. चालत्या सायकलच्या चाकाची कड दोन बोटांनी दाबावी, तसाच हा प्रकार. लहान गाडीचे चाक एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच्या आसपास जमीन कापते. म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला बाराएक फेरे घेते. तबकडीची जाडी सगळीकडे सारखी नसेल, तर जाड जागा पॅडच्या चिमटीतून सेकंदाला बारा वेळा जाते आणि दर वेळी पॅडला धक्का देते. तोच धक्का स्टिअरिंगमधून हातात येतो, ब्रेकच्या तेलातून पायाखालच्या पेडलपर्यंत पोचतो.

आणि हा फरक असतो तरी किती? माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. डिस्कच्या जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला तरी थरथर जाणवू शकते. केसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी! हे डोळ्यांना दिसणार नाही, बोट फिरवून कळणार नाही. मोजावेच लागेल.

ज्या मोठ्या, काचेच्या वर्कशॉपमध्ये आम्ही गाडी नेली, तिथे ते मोजले गेले नाही. (वर्कशॉपचे नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या रस्त्यावरच्या बाकीच्या दोन ठिकाणीही निराळे काही घडले असते असे मला वाटत नाही.) टाय लावलेल्या तरुणाने टॅबवर बोट फिरवत ऐकून घेतले आणि गाडी जॅकवर चढण्याआधीच निकाल दिला, ‘‘सर, डिस्क बेंड झालीय. दोन्ही डिस्क, पॅडचा सेट, आणि टाय रॉड एंडपण करून घ्या, म्हणजे परत यायला नको.’’ अंदाजपत्रक १८,४०० रुपयांचे. मुलगा सभ्य होता, पाणी विचारले, कॉफी दिली. मी विचारले, ‘‘डिस्क वाकली आहे हे कशावरून?’’ तो म्हणाला, ‘‘सर, हा कॉमन प्रॉब्लेम आहे.’’

मी बँकेत पस्तीस वर्षे काढली. ‘कॉमन प्रॉब्लेम’ हे उत्तर ऐकले, की माझ्या आतला जुना अधिकारी जागा होतो. संगणक यायच्या आधी आमच्या शाखेत लेजरांची बेरीज जुळत नसे तेव्हा संध्याकाळी सगळे थांबत. तेरजेत फरक आला म्हणून कुणी लेजर फाडून नवे आणत नसे. आधी फरकाचा आकडा पाहायचा. त्याला नऊने निःशेष भाग जातो का? जात असेल तर कुणीतरी अंक उलटे लिहिले असण्याचा संभव. ४५०चे ५४० झाले की फरक ९०. भाग जात नसेल तर फरकाची निमपट करून त्या रकमेचे व्हाउचर शोधायचे. नावेची रक्कम जमेला पडली असेल तर फरक दुप्पट येतो. आमचे एक हेडक्लार्क आकडा ऐकूनच सांगत, ‘‘चालू खात्यांत बघा, बचतीत नाही.’’ त्यांचे चष्म्यावरून पाहणे हेच त्यांचे यंत्र होते. बिघाड स्वतःविषयी काहीतरी सांगत असतो. तो काय सांगतो ते ऐकण्याची शिस्त लागते, एवढेच.

तीच शिस्त मला सिंहगड रस्त्याजवळच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली सापडली. मिस्त्री साठीच्या घरातले. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. प्रश्न विचारत राहिले. ‘‘साहेब, थरथर हातात लागते की बुडाखाली?’’ हातात. ‘‘ब्रेक न दाबता ऐंशी-नव्वदला गाडी शांत आहे?’’ शांत आहे. ‘‘गाडी एका बाजूला ओढते?’’ नाही. ‘‘थंड असताना पण, का घाट उतरून गरम झाल्यावरच?’’ दोन्ही वेळा, गरम झाल्यावर जास्त.

या चार प्रश्नांनी निम्मे काम झाले होते, हे मला नंतर समजले. हातात थरथर म्हणजे बहुधा पुढची चाके. सीट किंवा गाडीचा सांगाडा थरथरला तर मागच्या चाकांकडे, मागे ड्रम असतील तर त्यांच्या गोलाईकडे पाहायचे. ब्रेक न दाबताच ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल तर दोष ब्रेकचा नसून चाकाच्या बॅलन्सिंगचा किंवा टायरचा असू शकतो. एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपर अडकला आहे का, त्याच्या सरकत्या पिना गंजल्या आहेत का, हे पाहायचे. अचानक जोरात ब्रेक मारला असता पेडल पायाखाली टकटक करते ती मात्र एबीएसची नेहमीची चाल. २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींत एबीएस असते. तो बिघाड समजून कित्येक जण पेडल सोडून देतात. ते धोक्याचे. पाय दाबूनच ठेवायचा असतो.

पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा होता. ‘‘टायर कधी बदलले?’’

पाच-सहा महिन्यांपूर्वी. आणि थरथर? दोन महिन्यांपासून. माझ्या दृष्टीने या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता. मिस्त्रींनी मान हलवली, स्वतः गाडी चालवून आले, मग चाक काढले. एका लाकडी पेटीतून त्यांनी डायल गेज काढले, जुन्या खिशातल्या घड्याळासारखे, लोखंडी बुडाचे. त्याचे टोक डिस्कला टेकवून ती हाताने सावकाश फिरवली. काटा डोलत होता. उजव्या डिस्कचा डोल ०.०४, डाव्या डिस्कचा ०.१३ मिलिमीटर. मग डावी डिस्क काढली. तिच्या मागे, हबच्या सपाट पृष्ठभागावर, गंजाचा एक पापुद्रा होता. माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

टायरच्या दुकानात चाके निघाली तेव्हा बऱ्याच लहान गाड्यांप्रमाणे आमच्याही डिस्कला चाकाच्या नटांखेरीज धरून ठेवणारे काही उरले नव्हते. ती हलली, गंज मध्ये पडला. वर हवेच्या बंदुकीने नट आवळले, तेही एकापाठोपाठ एक, कुठे कमी कुठे जास्त. डिस्क किंचित तिरकी बसली. एवढ्याने लगेच थरथर होत नाही, आणि गंमत इथेच आहे. तिरकी डिस्क ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी पॅडला घासते. हजारो किलोमीटर घासून तिथली जाडी बदलते, कुठे पॅडचा थर चढतो, आणि चूक झाल्यावर काही महिन्यांनी थरथर सुरू होते. तोवर टायरवाल्याचे बिलही हरवलेले असते. तेव्हा ‘डिस्क बेंड झालीय’ असे जे म्हटले जाते, त्यातल्या बहुतेक डिस्क वाकलेल्या नसतात. बिडाची तबकडी रोजच्या वापरात सहसा वाकत नाही. तिची जाडी असमान झालेली असते.

आता गंज तसाच ठेवून त्यावर नवी डिस्क बसवली असती तर? पहिले काही महिने गाडी लोण्यासारखी थांबली असती. मग पुन्हा थरथर. मी वर्कशॉपला शिव्या दिल्या असत्या, ‘पार्ट डुप्लिकेट होता’ असे सोसायटीत सांगत फिरलो असतो, आणि तो पापुद्रा हबवर सुखाने नांदत राहिला असता.

मिस्त्रींनी हब तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केले, मायक्रोमीटरने डिस्क आठ ठिकाणी मोजली. नवी असताना १७ मिलिमीटरची, कडेवर कोरलेली किमान जाडी १५, आमची १६.३च्या आसपास, फरक ०.०२चा. म्हणजे लेथवर हलका हात मारायला जागा होती. दोन्ही डिस्क लेथवर गेल्या, पॅडचा वरचा चकाकणारा थर घासून काढला, बसवल्यावर पुन्हा डायल गेज लावले. ०.०३. नट समोरासमोरचे घेत, टॉर्क रेंचने आवळले. पाऊण दिवस गेला. लेथचे ७००, मजुरी ९००. थरथर गेली.

मी विचारले, ‘‘आणि शोधून काढण्याचे?’’ ते हसले. ‘‘त्याचे कोण देतो, साहेब?’’

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर कुणी या लेखाचे कात्रण घेऊन गॅरेजात भांडायला जाईल. डिस्क लेथवर घेणे हा प्रत्येक वेळचा उपाय नव्हे. माप किमान जाडीपाशी आले असेल, तडे गेले असतील, तर नवीच घ्यायला हवी, आणि तीसुद्धा दोन्ही बाजूंची. पातळ डिस्क लवकर तापते. दोन पैसे वाचवण्यासाठी झिजलेल्या डिस्कवर कट मारून देणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचा मित्र नव्हे. आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांना याच मिस्त्रींनी ‘‘नवी घ्या, ही चालणार नाही’’ असे बजावले, तेव्हा ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले, ‘‘तुमचे १६०० मध्ये केले आणि मला एवढा खर्च?’’ मोजमापाला कुणाची भीड नसते. ते कधी खर्च वाचवते, कधी वाढवते.

आता त्या टाय लावलेल्या तरुणाची बाजू. मला तो लबाड वाटला नाही. त्याच्यावर दिवसाला अमुक इतक्या गाड्या मार्गी लावायचे ओझे असणार. डिस्क बदलायला किती वेळ लागतो हे ठरलेले असते, त्याचे दर छापलेले असतात. शोधायला किती वेळ लागेल ते कोण सांगणार? समजा त्याने दोन तास मोडून गंजाचा पापुद्रा शोधला आणि दोन हजारांचे बिल केले, तर आपल्यापैकी किती जण ते न कुरकुरता देतील? ‘नुसते पुसायचे दोन हजार?’ असे आपणच म्हणू. पार्ट दाखवता येतो, पापुद्रा दाखवता येत नाही. आपण ज्याचे पैसे देतो तेच आपल्याला मिळत जाते, हा बाजाराचा साधा नियम आहे आणि तो आपण बनवलेला आहे.

पूर्वी असे नव्हते, असे मी गहिवरून म्हणणार नाही. १९९० साली बँकेच्या कर्जावर मी जुनी प्रीमिअर पद्मिनी घेतली होती. चारही चाकांना ड्रम. ड्रमची गोलाई गेली की तीही थरथरायची, आणि मिस्त्री ड्रम काखेत मारून लेथवाल्याकडे जायचा. तो अधिक प्रामाणिक होता म्हणून नव्हे; पार्ट महाग होते, कधी कधी मिळतच नसत, आणि मजुरी स्वस्त होती. शोधणे परवडत होते. आज सकाळी फोन केला तर दुपारपर्यंत नाना पेठेतून पार्ट येतो आणि माणसाचा तास महाग झाला आहे. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलाला मी डायल गेजविषयी विचारले. म्हणाला, ‘‘शिकवलं होतं काका. परीक्षेत वापरलं. गॅरेजमध्ये कुणी काढू देत नाही, टाइम जातो.’’ हातातली विद्या अशीच जाते. कुणी ती बंद करत नाही. ती वापरायला कुणी पैसे देत नाही.

आणि प्रश्न ब्रेकचा आहे. उतारावर अपघात झाला की दुसऱ्या दिवशी बातमीत ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द येतात, चाक उघडण्याच्या आधीच येतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडका दिल्या, तेव्हाही पहिल्या तासात हेच ऐकू आले. पुढे पोलिसांच्या प्राथमिक तपासात निघाले ते असे, की चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती. अवजड वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिनवरच्या कॉम्प्रेसरने भरते. आपल्या मोटारीतही इंजिन बंद झाले की दोन-चार वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. ‘ब्रेक फेल’ म्हणून पुढे गेलो, तर उतारावर इंजिन बंद करू नका, गिअर खालचा ठेवा, हे सांगायचे राहूनच जाते.

थरथरीने ब्रेक लागतच नाहीत असे सहसा होत नाही. पण माणूस थरथरीला सरावतो, आणि हे वाईट. ढिले झालेले नट, गेलेला बॉल जॉइंट, खिळखिळे बेअरिंग यांचीही सुरुवात थरथरीनेच होऊ शकते. ‘गाडीची सवय आहे ती’ म्हणणारे मला हटकून भेटतात. गाडीला सवयी नसतात. पेडल मऊ लागू लागले किंवा खोल जाऊ लागले, तर मात्र गाडी चालवत गॅरेजातसुद्धा नेऊ नये. मिस्त्रीला घरी बोलवावे.

गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात काय आहे? पहिले, दुखणे नीट सांगणे. ‘ब्रेकचे काम आहे’ एवढे पुरत नाही. कुठल्या वेगाला, हातात की सीटला, गरम की थंड, आणि मुख्य म्हणजे त्याआधीच्या सहा महिन्यांत चाकाला कुणी कुणी हात लावला. हे चार ओळींत लिहून न्यावे. दुसरे, टायरवाल्याकडे खुर्चीवर बसून मोबाइल पाहण्यापेक्षा उभे राहावे आणि शेवटचे आवळणे हाताच्या पान्याने, समोरासमोरचे नट घेत करायला सांगावे. तो हसेल, हसू द्यावे. तिसरे, पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर होते, तो डिस्कवरचा वरवरचा गंज, लगेच जातो. त्यासाठी पार्ट विकणाऱ्याला नमस्कार करावा.

आणि शेवटची विनंती पैशाची. काम सुरू होण्याआधीच सांगावे, की तपासणीचे वेगळे पैसे देईन, काही बदलावे लागले नाही तरी देईन. मात्र मापे बिलावर लिहून हवीत. डाव्या डिस्कची जाडी, उजवीची, डोल किती, पॅड किती मिलिमीटर उरले. पैसे घेऊनही कुणी खोटेच सांगितले तर, अशी शंका मला आमच्या चिरंजीवांनी बोलून दाखवली. सांगू शकतो. पण ‘डिस्क बेंड झालीय’ हे वाक्य दुसऱ्या गॅरेजात नेऊन पडताळता येत नाही, १६.३ हा आकडा येतो. मिस्त्रींना मी त्या दिवशी तपासणीचे ५०० रुपये घ्यायला लावले. बिलबुकात कुठे लिहायचे हे त्यांना कळेना. त्यांनी ‘पार्ट’च्या रकान्यात ‘डायल गेज लावले’ असे लिहिले, आणि खाली पेन्सिलीने चारही मापे.